आप्पांच्या पुस्तकाला एक वाचक

वाचनालयाने दारातल्या फळ्यावर पानगळीचा कार्यक्रम लावला, तेव्हा चिरंजीवांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, आणि तिथेच त्यांचं चुकलं. शहाणा माणूस असले फळे वरच्या दोन ओळींवर सोडून घरी जातो.

वरच्या ओळी चांगल्याच होत्या म्हणा. पानगळ आली की आमच्या वाचनालयाला दातृत्वाचा झटका येतो. एरवी वर्षभर 'थुंकी लावून पान उलटू नये' असल्या पाट्यांखेरीज ते कुणाला काही देत नाही. पण झाडं उघडी पडायला लागली, दिवस आखडला, की वाचनकक्षात शेगडी पेटते. थर्मासातला चहा फुकट मिळतो. बुधवारी मुलांना गोष्टी, शनिवारी मोडक्या वस्तू दुरुस्त करायचं टेबल. अंगणातला पाला झाडायला खराटे आणि पन्हळी साफ करायला शिडी, तीसुद्धा पुस्तकासारखी सही करून घरी न्यायची. महिनाअखेरीस 'मला आवडलेलं पुस्तक' या विषयावर वाचकांच्या गप्पा. आणि अगदी तळाला, जागा संपत आल्यामुळे मुंगीएवढ्या अक्षरांत: 'दहा वर्षांत कोणीही न नेलेल्या पुस्तकांची छाटणी. अशी पुस्तके गप्पांच्या दुसऱ्या दिवशी दाराबाहेर ठेवली जातील. उरलेली रद्दीत जातील.'

ही शेवटची ओळ चिरंजीवांनी दोनदा वाचली.

चिरंजीव म्हणजे काही शेंबडं पोर नव्हे. पन्नाशी कधीच ओलांडलेली, डोक्यावर केसांचा दुष्काळ, कचेरीत हेडक्लार्क. पण वडील कुणालाही ओळख करून देताना "हे आमचे चिरंजीव" म्हणायचे आणि गल्लीने तेच उचललं. कचेरीत ज्यांच्या सहीसाठी लोक तीन-तीन खेपा घालायचे, त्यांना भाजीवालाही चिरंजीव म्हणायचा. माणसाने किती सोसायचं!

वडील म्हणजे आप्पा. आयुष्यभर लोकांच्या घरांची छपरं तपासायची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर एक पुस्तक लिहिलं. 'छप्पर: बांधणी, गळती आणि निगा'. प्रकरणं बारा, आकृत्या भरपूर, विनोद एकही नाही. छापलेल्या प्रती हळूहळू नातेवाइकांच्या घरी गेल्या आणि तिथून कुठे गेल्या हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. एकच प्रत खरी नांदली, ती वाचनालयात. आप्पा रोज दुपारी काठी टेकत तिथे जात, शेगडीजवळच्या खुर्चीत बसत आणि पेपर तोंडासमोर धरून पेपराच्या वरून समोरच्या कपाटाकडे बघत. तिसरा कप्पा, डावीकडून पाचवं. पुस्तक जागेवर आहे हे बघून त्यांना बरं वाटे. ते जागेवर आहे याचा अर्थ ते कुणी नेत नाही, हा विचार त्यांनी कधी केला नसावा. किंवा केला असेल आणि पेपराआड ठेवला असेल.

त्यातून डॉक्टरांनी नुकतंच चिरंजीवांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, "हृदय थकलंय. औषधाने जेवढं व्हायचं तेवढं झालं. आता त्यांना आनंदात ठेवा, धक्का देऊ नका." म्हणजे एकीकडे डॉक्टर म्हणतात धक्का देऊ नका, आणि दुसरीकडे वाचनालय आप्पांचं पुस्तक त्यांच्या डोळ्यांदेखत रद्दीत घालणार. एका दुपारी खुर्चीत बसून म्हाताऱ्याने समोर बघावं आणि तिथे भोक दिसावं! चिरंजीव तसेच आत गेले.

"त्यात काय एवढं?" ते ग्रंथपालबाईंना म्हणाले. "माझ्या नावावर लावा. आत्ता नेतो, उद्या आणून देतो."

"लेखकाच्या घरात राहणाऱ्यांचं धरत नाही," बाई म्हणाल्या.

"हा काय नियम झाला?"

"एक कवी होते," बाई म्हणाल्या. "स्वतःचाच संग्रह दर आठवड्याला न्यायचे. ते दमले की बायको न्यायची, मग मेव्हणा. वर्षाच्या शेवटी सर्वाधिक वाचला गेलेला कवी म्हणून आम्हीच त्यांचा सत्कार केला. मग कमिटीने नियम केला." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाहेरचा माणूस आणा. एकदा नेलं तरी पुरे."

रोज लोकांना 'अमुक कागद आणा, तमुक सही आणा' म्हणून परत पाठवणारे चिरंजीव आयुष्यात प्रथमच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, म्हणजे आप्पांच्या सूनबाईंना, सांगितलं. सूनबाई कणकेच्या हातांनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आप्पांना खरं सांगून टाका. ते काही लहान नाहीत."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. डॉक्टरांनी धक्का देऊ नका सांगितलंय, नाटक करा नाही सांगितलेलं."

पण घरात शहाणपणाचं बोलणाऱ्या माणसाचं ऐकलं, तर गोष्टी घडणार कशा? चिरंजीव उठले आणि शेजारच्या विमेवाल्यांकडे गेले.

विमेवाले हा गल्लीतला सगळ्यात परोपकारी माणूस, आणि तेच त्याचं भय. कुणाचं काम अडलं की ते न बोलावता येत आणि काम आणखी दोन ठिकाणी अडवून जात. त्यांनी सगळं ऐकून छातीवर हात ठेवला. "आप्पा मला वडिलांसारखे. एक पुस्तक काय, कपाट आणतो!" दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्तक आपल्या नावावर लावून घरी नेलं. चिरंजीव निर्धास्त झाले. कचेरीत त्या दिवशी त्यांनी दोघांच्या अर्जांवर पहिल्याच खेपेला सह्या केल्या म्हणतात.

दुपारी आप्पा खुर्चीत बसले, पेपर उघडला, वरून पाहिलं. पाचव्या जागी भोक. शेगडी सोडून ते कपाटापाशी गेले, मग बाईंपाशी. संध्याकाळी घरी आले ते काठी आपटतच.

"नेलं!" दारातूनच ओरडले. "माझं पुस्तक कुणीतरी नेलं!"

त्या रात्री आप्पा दोन घास जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. सूनबाईंना म्हणाले, "चौथं प्रकरण जरा जड झालंय. तिथे अडेल बिचारा." अनोळखी वाचकाची काळजी त्यांना पोटच्या पोरासारखी लागली. रोज जेवताना हिशेब चाले: आज पाचव्यात असेल, आज आकृत्या लागल्या असतील. डॉक्टरांनी नाडी बघून विचारलं, "औषध बदललं का कुणी?" चिरंजीवांना वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम धड केलं. हे सुख मोजून आठ-दहा दिवस टिकलं.

मुदत संपत आली तरी विमेवाले पुस्तक परत करीनात. चिरंजीव त्यांच्या घरी गेले. "आहे ना, जपून ठेवलंय," असं म्हणत विमेवाले घरभर फिरले आणि शेवटी मोरीपाशी थांबले. त्यांच्या बायकोचं कपडे धुण्याचं यंत्र एका पायाने लंगडं होतं. ते चालू झालं की घरभर हिंडायचं. आता मात्र हिंडत नव्हतं.

"तुमच्या वहिनींना मी सांगायला विसरलो," विमेवाले म्हणाले. "पण जाडी बघा कशी बरोब्बर बसली! पुस्तक उपयोगी आहे हो!"

पुस्तकावर यंत्राच्या पायाचा गोल खड्डा, मलपृष्ठ भिजून फुगलेलं, आणि कणा सुटून पानांचे दोन भाग झालेले. वाचनालयात बाईंनी ते दोन बोटांत धरलं. "आता न वाचलेल्यांत नाही जात," त्या म्हणाल्या. चिरंजीवांनी श्वास सोडला. "खराब झालेल्यांत जातं. तीही रद्दीच." चिरंजीवांनी सोडलेला श्वास परत घेतला. आगीतून निघून फुफाट्यात पडले ते असे.

शनिवारी दुरुस्तीच्या टेबलावर एक जण छत्र्या दुरुस्त करतो, एक जण घड्याळं, आणि एक निवृत्त चांभारकाका मिळेल ते शिवतात. चिरंजीवांनी आपली बॅग समोर धरून, कुणी ओळखीचं बघत नाही ना हे बघून, पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. काकांनी ते बुटाच्या दोऱ्याने असं आवळून शिवलं की ते आता तीन प्रकरणांपुढे सपाट उघडेना. वर चामड्याचा कणा चढवला. मुखपृष्ठ तेवढं उलटं चिकटलं. "वाचताना कुठे मुखपृष्ठ बघतं माणूस?" काका म्हणाले. बाईंनी पुस्तक बराच वेळ फिरवून पाहिलं आणि कप्प्यात ठेवलं.

आप्पांनी मात्र ते बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "किती वेळा वाचलं असेल बघ," ते चिरंजीवांना म्हणाले. "कणा झिजवला माणसाने. अरे, मला त्याला एकदा भेटायचंय."

आता वाचकाचं नाव सांगायचा नियम नाही. पण बाईही शेवटी माणूसच. "महिनाअखेरच्या गप्पांना येतील ते," त्या बोलून गेल्या, आणि चिरंजीवांच्या पाचावर धारण बसली.

त्यांनी विमेवाल्यांच्या हातापाया पडून सांगितलं, निदान चार पानं तरी वाचा. विमेवाले म्हणाले, "वाचायचं कशाला? मी रोज न वाचलेल्या पॉलिशा लोकांना समजावतो." चिरंजीवांना हे तेव्हा पटलं, यावरून त्यांची अवस्था लक्षात यावी.

गप्पांच्या संध्याकाळी बाहेर पाऊस झिरपत होता, खिडक्यांना ओला पाला चिकटला होता. आप्पा पहिल्या रांगेत, कोट घालून. विमेवाले उभे राहिले. "या पुस्तकाने मला जगायला शिकवलं," त्यांनी सुरुवात केली. आप्पांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. "यातली पात्रं, यातलं वातावरण... आणि शेवट! शेवटी तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!"

आप्पांनी हात वर केला. "कुठे म्हणालात?"

"शेवटी."

"शेवटी खिळ्यांच्या मापांचा तक्ता आहे," आप्पा म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आप्पांनी विमेवाल्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मग सावकाश मान वळवून चिरंजीवांकडे. हेडक्लार्कच्या तोंडावर जे लिहिलेलं होतं ते वाचायला चष्मा लागत नव्हता.

"तू वाचलंस का रे?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, काही नाही. जेवलास का रे, असं विचारावं तसं विचारलं.

चिरंजीवांनी गावभर या पुस्तकासाठी पायपीट केली, शेजाऱ्याला विनवलं, बाईंपुढे वाकले, चांभाराकडून शिवून आणलं. उघडलं तेवढं नाही. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्याही आत्ताच लक्षात आली आणि जमिनीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात वरून एक थेंब आप्पांच्या चहाच्या कपात पडला. मग दुसरा. आप्पांनी छताकडे पाहिलं, भिंतीवरून उतरलेल्या ओलीकडे पाहिलं आणि ती ओल तिसऱ्या कप्प्याच्या वर येऊन थांबलेली पाहिली.

"सातवं प्रकरण," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

बाई म्हणाल्या, नगरपालिकेला अर्ज केलाय, थंडी संपली की माणूस येईल. आप्पा घरी येऊन न जेवता झोपले. सूनबाईंनी चिरंजीवांकडे एकदाच पाहिलं आणि ताटं उचलली. बायको बोलते तेव्हा बरं असतं.

सकाळी आप्पा अंथरुणात नव्हते. चिरंजीव धावत वाचनालयापाशी पोचले, तर दाराबाहेर छाटणीची पुस्तकं टेबलावर मांडलेली, आणि त्यांच्यापलीकडे आप्पा सही करून घेतलेली शिडी भिंतीला लावत होते. पाठीमागे मोठं झाड, त्याखाली पन्हळ, आणि पन्हळीत वर्षानुवर्षांचा पाला. आप्पांचा एक पाय पहिल्या पायरीवर होता.

"आप्पा, खाली उतरा!"

"तू चढतोस?"

उंचीवर चिरंजीवांचे डोळे फिरत. स्टुलावर चढून दिवा बदलायचा तर सूनबाई चढत. पण काही प्रश्नांना उत्तर एकच असतं. त्यांनी बूट काढले. न बोलावता विमेवाले आलेच होते. कालच्या प्रकाराने खजील झालेले, शिडी धरायला. आप्पांनी आतून पुस्तक आणलं, दोन्ही हातांनी जोर लावून ते सातव्या प्रकरणापाशी उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"'पन्हळीतील पाला. शिडी भक्कम आहे याची खात्री चढणाऱ्याने स्वतः करून घ्यावी. दुसऱ्याने दिलेली खात्री ही खात्री समजू नये.'"

"आहे हो भक्कम!" विमेवाले म्हणाले.

चिरंजीव चढले. खाली बघायचं नाही म्हणून वर बघत, आणि वर बघवेना म्हणून आप्पांचा आवाज ऐकत. "'पाला उताराच्या टोकाकडून काढीत यावे. मध्यात हात घातल्यास पाणी अंगावर येते.'" चिरंजीवांनी मध्यात हात घातला होता. थंडगार काळं पाणी बाहीतून बगलेपर्यंत गेलं. खालून आप्पा म्हणाले, "ऐकत जा." आणि चिरंजीव ऐकू लागले. टोकाकडून. मूठ वळून. कुजलेला पाला खाली पडत होता, पन्हळ मोकळी होत होती. आप्पा वाचत होते तसं हात चालत होते, आणि चिरंजीवांच्या ध्यानात आलं, की आपल्या बापाने हे फार चांगलं लिहिलंय. एक शब्द जास्त नाही. पुढचा प्रश्न डोक्यात यावा तोच त्याचं उत्तर खालून येत होतं.

मग पाऊस भुरभुरायला लागला.

"'शिडी धरणाऱ्याने,'" आप्पा वाचत होते, "'शिडीखेरीज अन्य काहीही धरू नये.'"

त्याच वेळी विमेवाल्यांनी पाहिलं, की आप्पांचं पुस्तक भिजतंय. एकदा ते आपल्या घरी भिजलं होतं, पुन्हा भिजू द्यायचं नाही, म्हणून त्यांनी शिडी सोडली आणि पुस्तकावर छत्री धरली.

चिरंजीव पाल्याच्या ढिगावर पडले म्हणून जिवानिशी वाचले. मांडीचं हाड मात्र मोडलं. रुग्णवाहिकेत आप्पा त्यांच्या उशाशी बसून आले, पुस्तक काखेत तसंच. ते कुणाच्याही नावावर लावलेलं नव्हतं, पण त्या गडबडीत बाईंनीही अडवलं नाही. आप्पा चिरंजीवांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "पन्हळ मात्र झकास झाली हो." चिरंजीव कळवळत असतानाही त्यांना ते ऐकून बरं वाटलं.

इस्पितळातून घरी आणल्यावरही पाय प्लास्टरमध्ये टांगलेला, उठायची सोय नाही, कचेरी बंद. असा वाचक कुठल्या लेखकाला मिळतो! आप्पांनी खुर्ची पलंगापाशी ओढली आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. रोज दुपारी. वाचनालयात जायचं त्यांनी सोडूनच दिलं. चौथं प्रकरण खरंच जड होतं. तिथे चिरंजीवांना झोप लागली तेव्हा आप्पांनी काठीने प्लास्टरवर टकटक केलं. सहाव्यात चिरंजीवांनी शंका काढली, की वारा उलट्या बाजूने आला तर? आप्पांनी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे मला कुणी विचारलंच नव्हतं." मग दोघं संध्याकाळपर्यंत वाऱ्यावरच बोलत बसले. सूनबाईंनी चहा दोनदा गरम केला. विमेवाले भेटायला आले की आप्पा त्यांनाही बसवून घेत. सुटका नाही.

आवाज मात्र रोज थोडा खाली येत होता. दोन पानं झाली की आप्पा थांबत, श्वास घेत, पुढे जात. चिरंजीव म्हणाले, "आप्पा, मी वाचतो, तुम्ही ऐका." आप्पा म्हणाले, "तुला आकृत्या कळणार नाहीत."

अकराव्या प्रकरणात जुनं छप्पर दुरुस्त करायचं की उतरवायचं याचा विचार आहे. आप्पा वाचत होते: "'दुरुस्तीचा मोह शेवटपर्यंत सुटत नाही. तथापि जेव्हा वाशेच...'" आणि थांबले. नेहमीसारखा श्वास घेत असतील म्हणून चिरंजीव वाट बघत राहिले.

"जेव्हा वाशेच काय, आप्पा?"

पुस्तक मांडीवर हातांखाली तसंच उघडं होतं. मान थोडी पुढे आली होती, अक्षर शोधत असल्यासारखी. चिरंजीवांचा हात त्यांच्यापर्यंत पोचेना. टांगलेल्या पायाने उठता येईना. दोन हातांच्या अंतरावर बाप गेला आणि मुलाला त्याचा चष्मासुद्धा काढता आला नाही. ते सूनबाईंना हाका मारत राहिले, आणि त्या हाकांत "अगं" कुठे संपलं आणि "आप्पा" कुठे सुरू झालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

झाडावर एकही पान उरलं नव्हतं तेव्हा चिरंजीव कुबड्या टेकत वाचनालयात गेले. पाऊस होता, पण छत कुठे गळत नव्हतं. शेगडीजवळच्या खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं. त्यांनी पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"आप्पांचं कळलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक जवळ ओढलं. "परत करताय?"

"नाही. नावावर लावायचंय. त्या दिवशी तसंच घरी आलं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

बाईंचा हात शिक्क्यापाशी थांबला. "लेखकाच्या घरात राहणाऱ्यांचं..." त्यांनी सवयीने सुरुवात केली.

"लेखक आता आमच्या घरी राहत नाहीत," चिरंजीव म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तारखेचा शिक्का मारला आणि उलट्या मुखपृष्ठाचं पुस्तक दोन्ही हातांनी त्यांना दिलं.

तेव्हापासून मुदत संपली की चिरंजीव येतात. कुबड्या गेल्या, काठी आली, ती आप्पांचीच. अकरावं प्रकरण त्यांनी कधीच संपवलंय, वाशांचं काय ते त्यांना कळलंय. बारावं प्रकरण तेवढं आहे. आठच पानं आहेत त्याची, आणि मग तो खिळ्यांचा तक्ता.

"झालं का वाचून?" बाई दर खेपेला विचारतात.

"एक प्रकरण राहिलंय," चिरंजीव म्हणतात. "कुणी मागितलंय का?"

"नाही," बाई म्हणतात आणि पुढची तारीख मारून देतात.